सोलरचं पाणी एक नंबर, पाईपिंगनं मात्र डोकं फिरवलं

मागच्या दसऱ्याला घरावर पाणी तापवायचा २०० लिटरचा सोलर बसवला, आता वर्ष होऊन गेलं आणि एक अख्खा पावसाळा बघून झाला, म्हणून आत्ता लिहितोय. बसवल्यावर आठ दिवसांत फोटो टाकून "एकदम भारी" लिहिणारे लई असतात, पण कोल्हापुरात सोलर कसा आहे ते ऑक्टोबरात कळत नाही, जुलैत कळतं. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार, कापलेला एक सोलरचा नाही, पाईपचा. डीलरचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढं तक्रारपण आहे.

घर सानेगुरुजी वसाहतीकडं, खाली-वर मिळून एक कुटुंब, माणसं सहा. आधी खालच्या बाथरूमात १५ लिटरचा गिझर आणि मागं परड्यात आईचा तांब्याचा बंब. बंबाचं पाणी म्हणजे काय ते ज्यानं आंघोळ केलीय त्यालाच माहीत, पण चिपाडं आणणार कोण, शेणी आता विकत घ्यायच्या, आणि मागं अपार्टमेंट झाल्यापासनं वाळत घातलेल्या कपड्यांना धूर लागतो म्हणून तीनदा निरोप आला. (होळीला आमच्याकडच्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला जातात, आई म्हणते तिथं दिलेल्या बऱ्या, पाण्याखाली जाळायला जीव होत नाही.) मग सगळा भार गिझरवर आला आणि लाईट बिल बघून आण्णा दर महिन्याला मीटरपाशी जाऊन उभं राहायला लागले.

हिशेब सोपाय, मी वहीत मांडला. एका आंघोळीला २० लिटर पाणी धरा, ते २० अंशांनी तापवायला अर्धा युनिटच्या जरा खाली वीज लागते. सहा माणसं, त्यात भांड्यांना, आण्णांच्या पाय शेकायला, आणि गिझर चालू राहून वाया जाते ती, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन युनिट, महिन्याला शंभर. आता हे शंभर युनिट नुसते शंभर नव्हेत, कारण महावितरणचे स्लॅब आहेत, ३०० च्या वर गेलं की वरची युनिटं महाग पडतात. आमचं बिल थंडीत साडेतीनशेच्या घरात जायचं, म्हणजे गिझर कमी केला की आधी ती महागडी युनिटंच कापली जाणार. हे कळल्यावर मी आण्णांना म्हटलं आता थांबायचं नाही.

पहिल्यांदा शाहूपुरीत एका दुकानात गेलो तर त्यानं फाईव्ह स्टार गिझरच गळ्यात मारायला घेतला, "निम्मं बिल येतंय बघा." तसं काय नसतंय. आत कॉईल बघा, थ्री स्टारला २००० वॅटची आणि फाईव्ह स्टारलापण तीच, बादलीभर पाणी तापवायला दोन्हीला तेवढीच वीज. गिझरचा स्टार हा तापलेलं पाणी नुसतं टाकीत पडून असताना चोवीस तासांत किती उष्णता घालवतो त्याचा असतो. म्हणजे दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात फरक पडेल, आमच्यासारख्या आंघोळीपुरतं लावून बंद करणाऱ्याला फार नाही. गॅस गिझर तर आण्णांनी विषयच काढू दिला नाही. आमच्या बाथरूमाला नावापुरती एक फट आहे, गॅस नीट जळाला नाही की कार्बन मोनॉक्साईड होतो आणि त्याला वासच नसतो, माणसाला कळेपर्यंत वेळ गेलेली असते. बरोबर होतं त्यांचं.

हीट पंप मात्र मनात भरला होता. फ्रीजचं काम उलटं धरायचं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, एक युनिट वीज खाल्ली की साधारण तीन युनिटांएवढी उष्णता देतो, आणि ढग असोत नाहीतर पाऊस, त्याला फरक नाही, म्हणजे आमच्या हवेला खरं तर हाच. पण मला मिळालेलं कोटेशन सोलरच्या तिपटीवर होतं आणि बिघडला तर बघायला कोण येणार याचं उत्तर दुकानदाराला देता येईना. हॉस्टेल, यात्री निवास असलं काही असेल तर डोळे झाकून विचार करावा, सहा माणसांच्या घराला नको वाटलं.

मग सोलर. त्यात दोन जाती, काचेच्या नळ्यांचा ईटीसी आणि सपाट पेटीचा एफपीसी. पेटीवाला दिसायला मजबूत, आत तांब्याच्या बारीक नळ्या, पण आमच्याकडं उन्हाळ्यात बोअरचं पाणी टाकीत सोडावं लागतं आणि त्याला क्षार इतका की स्टीलचा तांब्या आठ दिवसांत पांढरा होतो. त्या बारीक नळ्या क्षारानं तुंबल्या की खेळ खलास. काचेच्या नळीत गाळ तळाला बसतो, नळी काढायची, धुवायची, परत बसवायची. म्हणून ईटीसी घेतला, टाकी, स्टँड, नळ्या धरून तीस हजाराच्या आत-बाहेर. सबसिडी विचारू नका. पीएम सूर्यघरचे ७८ हजार वगैरे जे ऐकता ते वीज तयार करायच्या पॅनेलला आहेत, पाणी तापवायच्या सोलरला नाहीत, त्या डीलरच्या पोरानं दोन्ही गोष्टी एकत्र कालवून सांगितल्या होत्या.

बसवायला आले आणि तिथनं गंमत सुरू. नळ्यांचं तोंड दक्षिणेला, हे त्यांनी बरोबर केलं, शेजाऱ्याच्या नारळाची सावलीपण चुकवली. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य दुपारी बारालासुद्धा ५० अंशांच्या आसपासच असतो, उन्हाळ्यात जिथं सावली येत नाही तिथं थंडीत येते, त्यामुळं जागा ठरवताना हे बघायचं. पण सोलरची टाकी उभी करून, नट आवळून झाल्यावर पोराच्या लक्षात आलं की थंड पाण्याची टाकी त्याच्यापेक्षा खाली राहते. ह्यात पंप नसतो राव, थंड पाणी वरनं आपोआप यायला पाहिजे, नळीत तापलेलं हलकं पाणी वर चढतं आणि थंड खाली उतरतं, सगळा कारभार एवढ्यावरच. म्हणजे थंडची टाकी सोलरच्या टाकीच्याही वर पाहिजे. मग आमची हजार लिटरची टाकी जिन्यावरच्या स्लॅबवर चढवा, त्याला नवीन पाईप, एल्बो, वॉल्व. "सगळं आमच्यात" म्हणून सांगितलेलं, हातात बिल आलं तेव्हा प्लंबिंग वेगळं, साडेसात हजार. भांडलो, हजारभर कमी केले. तुम्ही आधीच कागदावर लिहून घ्या प्लंबिंग किती, कुठपर्यंत आणि कुठला पाईप.

तरी पहिली दिवाळी जिंकली हे कबूल. नरक चतुर्दशीला पहाटे चारपासनं आंघोळ्या, आत्याकडचे चारजण आलेले, म्हणजे दहा माणसं. आदल्या दिवशी कडक ऊन पडलेलं, टाकीला पफचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं, जाड अस्तर असल्यानं रात्रभरात पाणी थोडंच निवलं, तरी सगळ्यांना उटणं लावून, अंगावर घेता येणार नाही इतकं चटका देणारं पाणी पुरलं. आदल्या वर्षी गिझरवर हाच कार्यक्रम साडेसातपर्यंत चाललेला आणि शेवटी मी गार पाण्यानं आंघोळ केलेली. आई मात्र म्हणाली, "पाणी गरम हाय, पण त्याला धुराचा वास न्हाई." आता यावर काय बोलायचं.

आता मुख्य रडगाणं. गच्चीवरच्या टाकीपासनं खालच्या मागच्या बाथरूमापर्यंत त्यांनी पाईप आणला तो पुढच्या भिंतीवरनं वळसा घालून, पाऊण इंची, सोळा मीटर, आणि वर काही गुंडाळलेलं नाही. पाऊण इंची पाईपात मीटरमागं साधारण ०.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे सकाळी नळ सोडला की आधी जवळपास पाच लिटर गार पाणी बाहेर पडणार, मग कोमट, मग गरम. थंडीत तर पाईपच गार असल्यानं अजून वेळ. पहिला माणूस आंघोळ करून गेला आणि दुसरा वीस मिनिटांनी आला की परत तेच. माझी बायको दोन दिवस बघून म्हणाली, "गरम पाण्यासाठी सोलर घेतला आणि रोज गार पाणी ओततोय." आईनं तिथं एक बादली कायमची ठेवली, येईल ते पहिलं गार पाणी त्यात, ते भांड्याला नाहीतर तुळशीला. आणि खरं सांगतो, घाईच्या दिवशी पोरं गुपचूप गिझर लावायची, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत बिलात जो फरक पडायला पाहिजे होता तो निम्माच पडला. गच्चीवर पाणी उकळतंय आणि खाली गिझर चालू, ह्याला काय अर्थ आहे?

डीलरला फोन केला तर "सोलरला असंच असतंय" म्हणून ठेवला. असंच नसतंय. फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या जुन्या प्लंबरला बोलावलं, त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला साहेब मागच्या भिंतीनं सरळ खाली सोडायचा की. अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाईप), नऊ मीटर, वरनं काळा फोमचा पाईप चढवला आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमची टेप, कारण नुसता फोम उन्हानं भुगा होतो आणि कावळे टोचून नेतात. अर्धा इंचीत मीटरमागं ०.१२ लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे आता जेमतेम लिटरभर गार येतं. धार थोडी बारीक झाली, शॉवरवाल्यांना आवडणार नाही, आम्ही बादलीवाले आहोत. वरच्या बाथरूमाला तर टाकी डोक्यावरच आहे, तिथं पहिल्यापासनंच त्रास नव्हता. सगळा खर्च अडीच हजार. मार्चपासनं बिल अडीचशे युनिटांच्या आसपास आलं आणि आण्णांनी मीटरकडं जाणं सोडलं.

उन्हाळ्यात उलटाच प्रकार. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं तापतं की वरच्या हवेच्या पाईपमधनं वाफ येते आणि गरम पाणी नको असतं कुणालाच. घरात लहान पोरं असतील तर आधी थंड सोडून मग गरम, ही सवय लावाच, सरळ गरम नळ सोडला तर हात भाजतो. अर्ध्या नळ्यांवर गोणपाट टाका म्हणून प्लंबरनं सांगितलं, तसं केलं.

आणि माझी स्वतःची चूक, ती लपवत नाही. मे महिन्यात दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, टाकी रिकामी, नळ्या कोरड्या उन्हात तापत पडलेल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाणी आलं आणि मी आनंदात मोटर लावली. वर टण्ण असा आवाज आला, दोन नळ्या गेल्या. तापलेल्या काचेत गार पाणी, दुसरं काय होणार. आणि एक जरी नळी फुटली तरी टाकीतलं सगळं पाणी त्या भोकातनं गच्चीवर, एवढ्या टंचाईत. नळी काही शेकड्यात मिळते, बसवायला अवघड नाही, पण ती येईपर्यंत चार दिवस सोलर बंद. टाकी रिकामी झाली असेल तर भरायचं ते पहाटे नाहीतर रात्रीच.

पावसाळा. जूनच्या शेवटी ढग बसले ते बसले, जुलैत लागोपाठ अकरा दिवस सोलरचं पाणी नुसतं कोमट, बाकीच्या दिवशीपण भरवसा नाही. ज्याला वाटतं सोलर घेतला की गिझर भंगारात घालायचा, त्यानं कोल्हापुरात तसं करू नये. सोलरच्या टाकीतच विजेची कॉईल घालून देतो असं डीलर म्हणाला होता, ते मी घेतलं नाही आणि बरं झालं, कारण ती कॉईल अख्खे २०० लिटर तापवत बसते, ३० अंश वाढवायला सात युनिट जाणार, लागणार तुम्हाला शंभर लिटर. त्यापेक्षा जुना १५ लिटरचा गिझर तसाच ठेवला, एक वॉल्व फिरवला की सोलर बंद आणि गिझर चालू. जुलै-ऑगस्टचं बिल पहिल्यासारखंच आलं, त्याची तयारी मनात ठेवायची.

त्या अकरा दिवसांत एकदा रात्रीपासनं लाईटपण नव्हती. सकाळी उठलो तर परड्यात पत्र्याखाली आईनं बंब पेटवलेला, चिंच लावून लख्ख घासलेला, आत कुठनं तरी जमवलेली चिपाडं. सहाही जणांची आंघोळ झाली, अपार्टमेंटमधनं कुणी निरोप पाठवला नाही, एवढ्या पावसात कपडे कुणाचे वाळत होते.

दसरा झाल्यावर नळ्या काढून धुतल्या, तळाला बोटभर पांढरा गाळ निघाला, टाकीतला अ‍ॅनोड रॉडपण (टाकी गंजू नये म्हणून आत घातलेली धातूची कांडी) बदलायला आलाय, तो पुढच्या महिन्यात. आणि आईची नवीन तक्रार सुरू झालीय, पाईप बदलल्यापासनं बादलीत पहिलं पाणी पडतच नाही, तुळशीला वेगळं आणावं लागतं.