क्रॉनिक आजार आणि ऑनलाइन ग्रुप: फेसबुक, रेडिट, चॅट ग्रुप की पेशंटसाठीच बनवलेल्या साइट्स?

मला आमवात आहे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत आरए, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत मी किती ग्रुप जॉइन केले आणि किती सोडले याचा हिशोब नाही. नुकतंच निदान झालेली माणसं मला नेहमी विचारतात की कुठल्या ग्रुपमध्ये जाऊ, आणि मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण आधी तुम्हाला आत्ता काय हवंय ते कळायला लागतं. माहिती हवीय का? की रात्री तीनला दुखून झोप लागत नाही तेव्हा कुणीतरी जागं हवंय? की घरच्यांना, ऑफिसमध्ये कळू न देता बोलायचंय? ही तीन वेगळी कामं आहेत, आणि तिन्ही नीट करणारी एकच जागा मला तरी अजून सापडलेली नाही.

कुठली जागा कशी हे सांगण्याआधी दोन गोष्टी सांगते, त्या कळल्या की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली एएलएसची, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची. स्टीफन हेवूड नावाच्या माणसाला 1998 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी एएलएस झाला. त्याच्या भावांनी 2004 मध्ये पेशंट्सलाइकमी ही साइट काढली, जिथे पेशंट आपली लक्षणं, औषधं, डोस सगळं नोंदवत जातात आणि एकमेकांचे आलेख बघू शकतात. 2008 मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात असं आलं की लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधाने एएलएस हळू होतो. साहजिकच बऱ्याच पेशंटनी डॉक्टरांना विनवून लिथियम सुरू केलं, पण या साइटवरच्या लोकांनी ते घेताना काय होतंय ते नोंदवून ठेवलं. मग लिथियम घेणाऱ्या 149 जणांची तुलना त्यांच्यासारख्याच पण न घेणाऱ्यांशी केली गेली, 2011 मध्ये ते छापून आलं, आणि उत्तर होतं की काही फरक पडत नाही. वाईट बातमी होती, पण खरी होती आणि पेशंटनी स्वतः काढलेली होती.

दुसरी एमएसची, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराची. 2009 मध्ये झांबोनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी मांडलं की एमएसचं मूळ मानेतल्या अरुंद झालेल्या शिरांमध्ये आहे, त्या फुग्याने रुंद केल्या की फरक पडेल. फेसबुकवर हे वणव्यासारखं पसरलं, मी बरी झाले, मी चालायला लागलो असे व्हिडिओ, आणि लोक स्वतःचे पैसे घालून दुसऱ्या देशांत जाऊन हे करून आले. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने धोक्याचा इशारा दिला, आणि 2017 मध्ये झांबोनींच्या स्वतःच्याच मोठ्या चाचणीत निघालं की उपयोग होत नाही.

आशा दोन्हीकडे सारखीच होती, आणि मला त्या आशेबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही, मी स्वतः त्या जागी होते. फरक कशात पडला, तर एका ठिकाणी ज्याला फायदा झाला नाही त्याचीही नोंद राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी ज्याला फायदा वाटला त्याचाच आवाज वर आला. आता कुठलाही ग्रुप बघताना मी हेच बघते: इथे 'मला काही फरक पडला नाही' असं लिहिणाऱ्याला जागा आहे का?

आता एकेक घेऊ.

फेसबुकवर सगळ्यात जास्त माणसं सापडतात, तुमच्या आजाराचं नाव टाका, चार-पाच ग्रुप येतीलच. पेशंटच्या आईवडिलांसाठी, नवरा-बायकोसाठी वेगळे ग्रुप असतात, आणि काळजी घेणाऱ्यांनी तिकडेच जावं असं माझं मत आहे, कारण पेशंटसमोर त्यांना मोकळं बोलता येत नाही. चांगलं काय होऊ शकतं त्याचं उदाहरण टाइप वन डायबेटिसचं. 2013 मध्ये एका इंजिनियर बापाने मुलाच्या ग्लुकोज सेन्सरचे आकडे इंटरनेटवर आणले, म्हणजे मुलगा शाळेत आणि शुगर बापाला लांबून दिसतेय, त्यातून नाइटस्काउट नावाची पालकांचीच यंत्रणा उभी राहिली, आणि ती हजारो घरांपर्यंत पोचली ती मुख्यतः एका फेसबुक ग्रुपमुळे, जिथे आधी सेटअप जमलेले पालक नवीन पालकांना स्टेप बाय स्टेप मदत करत बसायचे.

पण फेसबुकवर तुम्ही तुमच्या खऱ्या नावाने असता. ग्रुप प्रायव्हेट असला तरी आतल्या सगळ्यांना तुमचं नाव दिसतं, फोटो दिसतो, मामेबहीण त्याच ग्रुपमध्ये असेल तर तिलाही दिसतं. 2018 मध्ये असंही बाहेर आलं की बंद ग्रुपच्या मेंबरांची यादी बाहेरच्या टूलने उतरवून घेता येत होती, कॅन्सरचा धोका वाढवणारा जीन असलेल्या बायकांच्या एका ग्रुपमुळे ते उघडकीला आलं, मग फेसबुकने ते बंद केलं. पुढे निनावी पोस्ट करायची सोय आली, पण ती सगळ्या ग्रुपमध्ये चालू नसते आणि ॲडमिनला नाव दिसू शकतं, म्हणून तपासल्याशिवाय नाजूक काही लिहू नका.

रेडिट याच्या बरोबर उलट. तिथे टोपणनाव असतं, एका प्रश्नापुरतं नवीन अकाउंट काढलं तरी चालतं, त्यामुळे जे डॉक्टरांनाही विचारायला लाज वाटते ते लोक तिथे विचारतात, लैंगिक त्रास, पोटाच्या तक्रारी, डिप्रेशन, आजारामुळे नवऱ्याशी होणारी भांडणं, सगळं. आणि सर्च उत्तम, पाच वर्षांपूर्वीचा प्रश्नही उत्तरांसकट सापडतो. नवीन औषध सुरू करायच्या आधी लोकांना पहिल्या महिन्यात काय झालं ते वाचायला मी अजूनही तिकडेच जाते. पण सांभाळायच्या गोष्टी दोन. एक, जास्त मतं मिळालेलं उत्तर वर येतं, आणि जास्त मतं म्हणजे बरोबर असं नसतं, बऱ्याचदा जे ऐकायला बरं वाटतं तेच वर असतं. दुसरी, तिथलं बहुतेक लिखाण जगाला उघडं आहे, 2024 मध्ये रेडिटने गूगल आणि ओपनएआयशी डेटाचे करार केलेत, म्हणून तुमचं वय, गाव, हॉस्पिटल, तारीख एकाच पोस्टमध्ये टाकू नका, नाव नसलं तरी ओळखणारा ओळखतो.

म्हणजे फेसबुक की रेडिट असं विचाराल तर ओळख वाढवायची असेल तर फेसबुक, आणि ओळख न देता विचारायचं असेल तर रेडिट.

आता चॅट ग्रुप, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड. इथे जवळीक सगळ्यात जास्त. वीस-तीस जणांचा ग्रुप असेल तर कुणाचं कधी इंजेक्शन आहे, कुणाच्या मुलीची परीक्षा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, एखादा चार दिवस दिसला नाही तर कुणीतरी विचारतं. फेसबुक-रेडिटवर हे होत नाही. आणि दुःख आपल्या भाषेत बोलायला सोपं जातं, तशी माणसं बहुतेक अशाच छोट्या ग्रुपमध्ये भेटतात. पण व्हॉट्सॲपवर तुमचा फोन नंबर सगळ्यांकडे जातो, टेलिग्रामवर तो लपवता येतो, डिस्कॉर्डवर बहुतेक वेळा लागत नाही आणि तिथे विषयाप्रमाणे वेगळे चॅनल करता येतात, औषधांचं एक, नुसतं मन मोकळं करायचं एक. व्हॉट्सॲपवर सगळं एकाच ओढ्यात वाहून जातं.

वाहून जातं म्हणजे काय ते मी स्वतः बघितलंय. एका चॅट ग्रुपवर, कुठला ते सांगत नाही, नवीन आलेल्या एका ताईंनी लिहिलं की तोंडात फोड आलेत, खाता येत नाही, मेथोट्रेक्सेट सुरू होऊन दहा दिवस झाले. आमवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. ताईंचा मेसेज आला आणि त्याच्यावर लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचे चाळीस मेसेज पडले. मी दोन तासांनी वर स्क्रोल केलं तेव्हा दिसलं, फोन केला, विचारलं गोळी कधी घेता, तर म्हणाल्या रोज रात्री. मी म्हटलं आत्ता, या क्षणी डॉक्टरांना फोन लावा. त्या ॲडमिट झाल्या, वाचल्या. असाच प्रश्न मी नंतर दुसऱ्या एका ठिकाणी आलेला बघितला, तिथे मॉडरेटरने, म्हणजे ग्रुपवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाने, काही मिनिटांत उत्तर दिलं, आधी डॉक्टरांना फोन करा, मग आमच्याशी बोला, आणि ती पोस्ट सगळ्यात वर पिन करून ठेवली. त्या दिवसापासून ग्रुपमध्ये माणसं किती यापेक्षा लक्ष ठेवणारं कुणी आहे का, हे मी आधी बघते.

लक्ष ठेवण्यात पेशंटसाठीच बनवलेल्या साइट्स पुढे आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलची मेयो क्लिनिक कनेक्ट 2011 पासून आहे, तिथे नेमलेले मॉडरेटर असतात, जुने पेशंट मेंटर म्हणून असतात, आणि तुम्ही मेयोचे पेशंट असायची गरज नाही. हेल्थअनलॉक्ड ब्रिटनमधली, तिथले बरेचसे ग्रुप त्या त्या आजाराच्या संस्थाच चालवतात. इन्स्पायर 2005 पासूनची, तीही पेशंट संस्थांबरोबर काम करते. आजार दुर्मिळ असेल तर आधी त्या आजाराची संस्था शोधा आणि त्यांचा ग्रुप कुठे आहे ते बघा, फेसबुकवर नुसतं नाव टाकून शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तोटे? वेग कमी, रात्री तीनला उत्तर येईलच असं नाही. तरुण माणसं कमी दिसतात असा माझा अनुभव. आणि या साइट्स चालतात कशावर ते समजून घ्या: पेशंट्सलाइकमीचा डेटा औषध कंपन्यांना विकला जायचा आणि ते त्यांनी उघड सांगितलेलं होतं, इन्स्पायरही औषध कंपन्यांसाठी रिसर्च करते. 2010 मध्ये नील्सन या मार्केट रिसर्च कंपनीने पेशंट्सलाइकमीच्या मानसिक आजारांच्या फोरममधल्या पोस्ट्स गुपचूप उतरवून घेतल्या होत्या, साइटने ते पकडलं आणि मेंबरांना सांगितलं. 2019 मध्ये साइट युनायटेडहेल्थ या अमेरिकेतल्या बड्या आरोग्य विमा कंपनीने घेतली. माझं वैयक्तिक म्हणाल तर डेटा संशोधनाला जात असेल तर मला चालतं, एएलएसचं उदाहरण माझ्या डोळ्यासमोर आहे, पण कुणाला चालणार नाही, आणि तेही बरोबरच आहे, फक्त साइन अप करायच्या आधी प्रायव्हसीचं पान वाचा.

जॉइन झाल्यावर लगेच लिहू नका. आठवडाभर नुसतं वाचा, सर्चमध्ये 'औषध बंद' किंवा 'गोळ्या सोडल्या' असं टाका आणि काय उत्तरं येतात ते बघा. 'मी सोडल्या, तूही सोड' असं कुणी लिहितंय आणि कुणीच अडवत नाहीये, तर निघा तिथून. जॉइन झाल्यावर तासाभरात कुणी पर्सनल मेसेज करून मला कायमचं बरं वाटलं, नंबर द्या असं म्हणालं तर ब्लॉक करा आणि ॲडमिनला सांगा, ॲडमिनने काही केलं नाही तर तो ग्रुपही सोडा. ॲडमिन स्वतःच काही विकत असेल तर मी थांबतच नाही.

अजून एक, आणि हे मला कुणीतरी पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. ज्यांचं बरं चाललंय ते हळूहळू ग्रुपवर यायचे बंद होतात, कामाला लागतात, मुलंबाळं, नोकरी. मागे लिहीत राहतात ते ज्यांचा त्रास चालू आहे ते. म्हणून निदानानंतरच्या पहिल्या महिन्यात रोज रात्री ग्रुप वाचत बसलात तर वाटतं की सगळ्यांचं असंच होतं, माझंही असंच होणार. मी महिनाभर वाकड्या बोटांचे फोटो बघून रडले. माझी बोटं आज नऊ वर्षांनी सरळ आहेत. नवीन असाल तर दिवसातून एकदा, वीस मिनिटं, आणि झोपायच्या आधी अजिबात नाही.

डॉक्टरांना अजून नाव सापडलेलं नाही, रिपोर्ट नॉर्मल येतायत आणि त्रास तर होतोय, अशा माणसांनी मात्र ग्रुप नक्की शोधावा. लाँग कोविड हे नावच पेशंटनी 2020 मध्ये सोशल मीडियावर दिलं, आणि बॉडी पॉलिटिक नावाच्या, स्लॅक या चॅट ॲपवरच्या एका ग्रुपमधल्या पेशंटनी मिळून सर्व्हे केला आणि त्यांचं काम पुढे संशोधकांनी गांभीर्याने घेतलं. 'हे माझ्या मनाचे खेळ नाहीत' हे आधी दुसऱ्या पेशंटकडून ऐकायला मिळालं, दवाखान्यातून नंतर.

मी स्वतः आज दोनच ठिकाणी आहे. औषधाचं काही वाचायचं असेल तर टोपणनावाने रेडिटवर, आणि बाकी सगळं एका छोट्या चॅट ग्रुपवर, आम्ही सतरा जण आहोत, नियम एकच की डोसचा प्रश्न आला तर आधी डॉक्टर. सकाळी बोटं उघडायला मला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा टाइप करता येत नाही, मग माइकवर बोलून पाठवते, शब्द निम्मे चुकीचे उमटतात, आणि तिकडून उत्तर येतं, गरम पाण्यात हात धर, आम्ही आहोत.