भाऊबीजेची बाग, अकरा महिन्यांनंतर

गेल्या भाऊबीजेला दादाने ओवाळणीत साडीऐवजी बागेच्या किटचं एक खोकं दिलं. वर हसऱ्या टोमॅटोचं चित्र. आत खालून स्वतः पाणी ओढणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या कुंड्या, कोकोपीटच्या दोन विटा, बियांची पाच पाकिटं, खुरपं आणि स्प्रेची बाटली. किमतीचं लेबल त्याने नखाने खरडलं होतं, पण घाईत. १,७९९ स्वच्छ वाचता येत होतं. आता पुन्हा दिवाळी तोंडावर आलीय आणि ऑफिसांतून, सोसायट्यांतून असली खोकी यंदाही वाटली जाणार. म्हणून हा अनुभव लिहून ठेवतेय.

आमचं घर कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. बाल्कनी पूर्वेची. ऊन सकाळी साडेसातला येतं आणि अकराला निघून जातं, बँकेतल्या साहेबांसारखं. हे आधी सांगायचं कारण, पुढचं निम्मं यश-अपयश त्या साडेतीन तासांचं आहे, किटचं नाही.

पहिली फसगत कोकोपीटची. एक वीट साधारण ६५० ग्रॅमची, भिजून आठ-नऊ लिटर होते. कुंड्या प्रत्येकी सहा लिटरच्या. म्हणजे दोन विटांत तीन कुंड्या जेमतेम भरल्या आणि चौथी रिकामी. आणि कोकोपीट म्हणजे काय, तर नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी छान धरतो, मुळांना हवा मिळते, पण रोपाला खायला त्यात जवळजवळ काहीच नसतं. सोबतच्या पुस्तिकेत ‘थेट बी पेरा’ एवढंच छापलेलं. मी पेरलं. आठवड्यात टोमॅटोचे कोंब आले, सगळ्यांना फोटो पाठवून झाले, आणि पुढचे तीन आठवडे रोपं दोन पानांवर थिजून पिवळी पडत गेली.

मदतीला आला किल्ला. आमच्या इमारतीतल्या पोरांनी पार्किंगच्या कोपऱ्यात रायगड केला होता, त्यावर अळीव आणि मोहरी पेरून झाडीही उगवलेली. तुळशीच्या लग्नापर्यंत रायगड पार ढासळला होता, मग पोरांची परवानगी काढून दोन बादल्या लाल माती वर आणली. माती एक भाग, कोकोपीट एक भाग, गांडूळखत एक भाग आणि दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. दहा-बारा दिवसांत रोपांचा रंग बदलला. त्या मातीतून एक भालेवाला मावळा अजूनही अधूनमधून खुरपणीत वर येतो. आता मी त्याला टोमॅटोच्या बुंध्याशीच उभा केलाय.

बियांबद्दल थोडक्यात. रोझमेरी उगवलीच नाही. बियांपासून ती मुळातच रडतखडत येते, नवख्याच्या किटमध्ये तिचं काय काम? ब्रोकोलीला पानं आली हत्तीच्या कानाएवढी, गड्डा लिंबाएवढा. लेट्यूस थंडीत मजेत आलं, फेब्रुवारी सरताना कडू झालं. बेसिल उत्तम, पण तो आपल्या सबजाच्याच जातीचा, त्यासाठी परदेशी चित्राचं पाकीट कशाला! चेरी टोमॅटो फेब्रुवारीअखेर लागले. साडेतीन तासांच्या उन्हात झाड उंच आणि किडकिडीत झालं, तरी एकूण सत्तरेक फळं मिळाली. मोजली, कारण दादा विचारणार हे माहीत होतं.

खरं पीक आलं ते घरातल्या डब्यांतून. मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरले, पंचवीस दिवसांत भाजी. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी केल्या, दहाव्या दिवशी कोथिंबिरीचे कोंब. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या चार काड्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या, मुळं फुटल्यावर कुंडीत लावल्या. तो पुदिना आता मला घराबाहेर काढेल अशी लक्षणं आहेत. लसणाची पात तर आळशी माणसाने लावावी.

आता कुंड्यांकडे येते, कारण पैसे मुख्यतः त्यांचेच आहेत. खाली पाण्याची टाकी, तिच्यातून वर मातीत जाणारी वात, बाजूला पाणी भरायचं तोंड. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तेव्हा ह्या कुंड्यांनी जीव वाचवला. पाच दिवस कोकणात लग्नाला गेलो, परत आलो तर मातीच्या कुंडीतलं गुलाब वाळून कोळ आणि ह्या मात्र हिरव्या. उन्हाळ्यासाठी पैकीच्या पैकी.

पावसाळ्यात मात्र सगळं उलटं झालं. यंदा, म्हणजे २०२५ला, पुण्यात मॉन्सून २६ मेलाच येऊन धडकला. जाळीत बाहेर टांगलेल्या दोन कुंड्यांच्या टाक्या वरून झिरपून सतत भरलेल्या, माती आठवडेच्या आठवडे ओली, मिरचीचं रोप मुळाशी कुजलं. दुसरं म्हणजे पाणी भरायच्या तोंडाला झाकण नाही. जुलैत टॉर्च मारून पाहिलं तर आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. तेव्हापासून तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबरबँडने बांधलाय आणि दर रविवारी टाकी रिकामी करते. पावसाळाभर वात काढून, टाकीत पाणी साठणार नाही असं करून साधी कुंडी म्हणून वापरायची, हे पुस्तिकेत एका ओळीत लिहिता आलं असतं. शिवाय दोन वाती सुती निघाल्या, त्या कुजल्या. नायलॉनची जाड नाडी कापून घातली, ती मस्त चाललीय.

चौथ्या कुंडीची कसर भरून काढायला मी बारा बाय बारा इंचांच्या ग्रोबॅग, म्हणजे रोपं लावायच्या पिशव्या, आणल्या. दिसायला पोत्यासारख्या, पण टोमॅटो, वांगी, मिरचीला तेवढी खोली लागतेच. तोटा वजनाचा: भरून ओली झाली की वीस किलोच्या पुढे जाते, सरकवताना कंबर आठवते. त्यामुळे जागा ठरवूनच भरा, आणि बाल्कनीच्या कडेला रांग लावू नका. खाली विटांचे तुकडे ठेवून बॅग उचलून घेतली नाही, तर मातकट पाणी खालच्या मजल्यावर जातं. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर ते गेलं. त्यानंतर दोन महिने माझ्या घरची पहिली मेथी त्यांच्याकडे जात होती.

कबुतरांवर वेगळं लिहावं लागेल. त्यांनी लेट्यूसच्या कुंडीत अंडी घातली, मी जाळी लावली, एवढंच इथे पुरे.

यंदा कुणाला बाग भेट द्यायची असेल तर बंद खोकं देऊ नका, भरलेली कुंडी द्या. वसुबारसेच्या दहा दिवस आधी पसरट कुंडीत मेथी पेरली की दिवाळीत ती बोटभर उंच, दाट हिरवी दिसते आणि घेणाऱ्याला फक्त पाणी घालायचं राहतं. ज्यांच्याकडे ऊन नाही त्यांना पुदिना. वयस्क माणसांना जड कुंडी नको, आठ इंची तुळस पुरे, कार्तिकात तिचं कौतुकही होतं. कढीपत्त्याचं रोपही छान. माझं मी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणलं, ते आता गुडघ्याला लागतंय. आणि किटच द्यायचं असेल तर सोबत पाच किलो गांडूळखत द्या, नाहीतर तीन आठवड्यांनी पिवळ्या रोपांचे फोटो तुम्हालाच येतील.

किटला पाचपैकी तीन. दीड गुण कुंड्यांचा, एक खुरप्याचा, ते खरंच चांगलं आहे, अर्धा दादाचा.

यंदाच्या ओवाळणीचं मी त्याला आधीच सांगून ठेवलंय: वीस किलो गांडूळखताचं पोतं. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “लिफ्ट चालू आहे ना तुमची?”