कुत्रा रात्री कुठे? अंगणातला पिंजरा की पडवी

जुन्नर, आंबेगाव भागात घराला उसाची कड लागली की हा प्रश्न येतोच. उसात मुक्कामी असलेल्या बिबट्याला कुत्रं ही सोपी शिकार. त्यातही साखळीला बांधलेलं असलं तर त्याला पळताही येत नाही. म्हणून अंगणात नुसतं बांधून ठेवणं मी पर्यायात धरतच नाही.

लोखंडी पिंजरा करायचा तर वरूनही बंद हवा. सहा फुटी कुंपण बिबट्या सहज ओलांडतो. कोंबड्यांची जाळी तर त्याच्यापुढे कागदच. वेल्डमेश (वेल्डिंग केलेली लोखंडी जाळी) जाड घ्या, भोकं लहान ठेवा, नाहीतर पंजा आत येतो. कडीला खिळा अडकवा. आमच्या मोत्याने नाकाने कडी उचलून दोनदा दार उघडलंय! खरी अडचण उन्हाळ्याची. पत्रा एप्रिलमध्ये असा तापतो की दुपारी आत हात घालवत नाही. वर उसाचं पाचट टाकलं की फरक पडतो. पावसाळ्यात खाली फळी हवी, जमिनीपासून वीतभर उंच, नाहीतर ओल आणि गोचीड.

पडवीला खर्च जवळजवळ नाही. दार मात्र भक्कम आणि रात्री बंदच हवं. केस आणि वास सोसावा लागतो, आमच्या आईची कुरकुर वेगळी.

एक-दोन कुत्री असतील तर मी पडवीच निवडेन. गोठ्याजवळ राखणीला चार असतील, तर पिंजऱ्याचा खर्च करा, पण अंधार पडायच्या आत सगळी आत घ्या.