एक्वाडोर की मेंढा-लेखा?

भाची साताऱ्यात बी.एस्सी.ला आहे. परवा राजवाड्यावर भेळ खाता खाता तिनं मोबाईल पुढं केला. "मामा, एक्वाडोरला किचवा आदिवासींच्या गावात महिनाभर स्वयंसेवा. जाऊ का?" तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरंच नाव घोळतंय, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं.

एक्वाडोरची ओढ मला कळते. 2008 च्या तिथल्या राज्यघटनेनं निसर्गालाच हक्क दिलेत. आणि किचवांची 'मिंगा' म्हणजे पाट साफ करायचा, वाट दुरुस्त करायची, घरटी एक माणूस हजर. आपली इर्जिकच ती! परक्या मुलखात पोरीला गावचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. पण तिला स्पॅनिश येत नाही, किचवा तर दूरच. महिन्यात भाषा कानाला सरावते न सरावते तोच परतायची वेळ. शिवाय कधी थापी न धरलेल्या पोरांनी तिथं जाऊन शाळेची भिंत बांधायची, हे मला पटत नाही. ते काम गावातल्या गवंड्याचं आहे.

मेंढा-लेखात गोंडी बोलतात, पण मराठीवर निभावतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गावानं 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो. तिथं तिनं मदत करायला नाही, शिकायला जावं. तेही आधी ग्रामसभेला विचारून.

माझं मत मेंढा-लेखाकडंच. एक्वाडोर नंतर, स्पॅनिश शिकून, निदान सहा महिन्यांसाठी. तिला तसंच सांगितलंय, आणि आता दोघं मिळून गाड्यांच्या वेळा बघतोय.