अर्धा गुडघा की पूर्ण? पुन्हा डबल्स खेळायचं असेल तर

गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं की बॅडमिंटन खेळणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कोर्टवर परत कधी?’ आणि मग, ‘पार्शल करू की टोटल?’ म्हणजे सांध्याचा झिजलेला भागच बदलायचा की पूर्ण सांधा. खेळावरून हे ठरत नाही. ठरतं ते उभं राहून काढलेल्या एक्स-रेवरून. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट फसवते. अंगाचं वजन पडलं की कुठली बाजू घासली आहे ते कळतं.

गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. आपल्याकडे बहुतेकांचा आतला आधी झिजतो आणि पाय बाकतात. तेवढाच गेला असेल, एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या मधोमध मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा बंध) शाबूत असेल आणि बाक हाताने सरळ होत असेल, तर पार्शलचा विचार करावा. झीज सगळीकडे पसरली असेल किंवा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असेल, तर हट्ट धरू नका, टोटलच करा.

पार्शलमध्ये एसीएल राहतो, टोटलच्या बहुतेक प्रकारांत तो काढतात. नेटजवळचा ड्रॉप उचलायला लंज मारताना, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून वाकताना, हा फरक जाणवतो. पार्शलवाल्यांना गुडघा बऱ्याचदा आपलाच वाटतो. काठी लवकर सुटते, तीन-चार महिन्यांत हलकं डबल्स जमू शकतं. टोटलला साधारण सहा महिने धरून चाला.

पण पार्शलची दुसरी बाजूही आहे. वेगवेगळ्या देशांच्या सांधेबदल नोंदणीत पार्शल पुन्हा उघडावं लागण्याचं प्रमाण टोटलपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसतं. वर्षाकाठी मोजकीच पार्शल करणाऱ्या सर्जनच्या हातून ते आणखी वाढतं. म्हणून ‘तुम्ही वर्षाला किती पार्शल करता?’ हे न लाजता विचारा. माझं मत विचाराल तर अटी जुळत असतील आणि सर्जन सरावाचा असेल, तर खेळणाऱ्याने पार्शलच घ्यावं. सर्जन सरावाचा नसेल, तर चांगलं टोटल केव्हाही बरं.

खर्चात मोठा फरक इम्प्लांटपेक्षा (बसवलेल्या कृत्रिम सांध्यापेक्षा) हॉस्पिटलच्या पॅकेजमुळे पडतो. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट 2017 पासून सरकारी मर्यादा आहे.

दोन्हीत खरी कसोटी पहिल्या सहा आठवड्यांची. घरोघरी होणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि मांडी आवळून तो खाली दाबा. कंटाळवाणं आहे, दुखतंही. पण मांडीचा पुढचा स्नायू परत आला नाही तर कुठलंही इम्प्लांट तुम्हाला कोर्टवर नेणार नाही.

रॅकेट हातात घेण्याआधी सर्जनची परवानगी घ्या आणि एक चाचणी करा. साधारण सहा इंची पायरीवर ऑपरेशनच्या पायावर उभे राहा आणि दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवा. गुडघा आत वळला किंवा पाय थरथरला, तर अजून वेळ आहे. जमलं तर आधी शटलशिवाय फूटवर्क, मग अर्धं कोर्ट, मग डबल्स. सिंगल्स आणि जंप स्मॅश दोन्ही प्रकारांत सोडलेलेच बरे. खेळल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर एक पायरी मागे या. पोटरी सुजून दुखू लागली तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.