लोकलच्या मॉडेलची मोटर बोगी: आठ महिने, एक पावसाळा आणि एक चिरलेला गिअर

टक्, टक्, टक्. चाकाच्या दर फेरीला एकदा. हळू चालवलं की आवाज मोजता येतो, वेग वाढवला की घरघर होते आणि ठरावीक जागी डबा किंचित अडखळतो. असं झालं तर रूळ पुसू नका, कंट्रोलरला दोष देऊ नका, मोटरही उघडू नका. आसावरचा प्लास्टिकचा गिअर दोन दातांच्या मधल्या खाचेत चिरलाय. चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चाक अंगठ्याने थोडं पिळून भिंगाखाली धरलं की केसाएवढी रेघ उघडते.

बोगी, म्हणजे डब्याखालचा मोटरसकट चार चाकांचा गाडा, परदेशी बनावटीची आहे. एचओ (१:८७ प्रमाणाची), १२ व्होल्ट, चारही चाकांतून वीज घेणारी, चाकांच्या आसांमधलं अंतर ३१ मिमी. टपाल आणि सीमाशुल्क धरून साडेचार हजार पडले. चिरला तो गिअर दहा रुपयांचा असेल. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: सुटा गिअर येत नाही, पूर्ण बोगी घ्या. या रिव्ह्यूचा सूर कडवट वाटला तर त्याचं कारण ही ओळ आहे.

आधी मापांचं बोलू, कारण मुंबई लोकलसाठी बोगी शोधताना पहिली अडचण तिथेच येते. खऱ्या डब्याच्या बोगीत आसांमधलं अंतर २८९६ मिमी, म्हणजे १:८७ला ३३.३. तयार मिळालेली बोगी ३१ची, सव्वादोन मिमी कमी. बाजूची चौकट ३३.३ची थ्रीडी प्रिंटरवर छापून वर चिकटवली की अॅक्सल बॉक्स (आसाच्या टोकाच्या पेट्या) चाकाच्या मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम सव्वा मिमी सरकतात. फलाटाच्या उंचीवरून बघणाऱ्याला हे कळत नाही. चाक ९५२ मिमीचं, म्हणून ११ मिमी हवं. मिळतं १०.५, तेही चालतं. न चालणारी गोष्ट गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पण तिला इलाज नाही. १६७६ मिमीचं ब्रॉडगेज १:८७ला १९.३ होतं आणि बाजारातला रूळ १६.५चा. त्यावर ३.६६ मीटर रुंद डबा म्हणजे ४२ मिमीचं अंग. समोरून पाहिलं तर गाडी काठीवर उभी असल्यासारखी दिसते. डोळे सरावतात.

आता माझी चूक. तीन महिन्यांनी मी ही बोगी छान म्हणून सांगितली होती. पावसाळ्यात टकटक सुरू झाल्यावर खाऱ्या हवेवर खापर फोडलं. किनाऱ्यावर ते सोपं असतं, इथे कुलपापासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याचा एकच गुन्हेगार. उघडून पाहिलं तर आस चकचकीत, गंजाचा ठिपकासुद्धा नाही. कॅलिपर लावला: आस २.०० मिमी, न चिरलेल्या दुसऱ्या गिअरचं भोक १.९०. दोन मिमीच्या आसावर दहा शतांश मिमी कमी भोक म्हणजे ते प्लास्टिक कारखान्यातून निघाल्यापासून ताणलेलं आहे. दोन-चार शतांश भरपूर होते. गाडी चालो न चालो, ते कधीतरी फुटणारच होतं. खारी हवा निर्दोष सुटली, निदान या खटल्यातून.

इतर खटल्यांत मात्र ती दोषी आहे. पँटोग्राफची (छतावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्याची) पोलादी स्प्रिंग ऑगस्टमध्ये तांबडी झाली आणि सप्टेंबरात तुटली. तिच्या जागी फॉस्फर ब्राँझची ०.३ मिमी तार पिनेवर वळवून घातली. तशीच तार चाकांच्या पाठीला टेकवली तर वीजही अखंड मिळते. गाडी रोज चालत नसेल तर रुळावर काळा थर धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं फिरवा. पितळी रूळ घेऊ नका, निकेल सिल्व्हर घ्या. पितळेवरचा थर वीज अडवतो, घासून घासून हात दुखतात. पोलादी रुळाचं तर नावच नको.

चौकट छापताना पीएलए प्लास्टिक टाळा. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात ठेवलेला डबा केळीच्या पानासारखा वाकतो. पीईटीजी टिकतं.

गिअरकडे परत येतो, कारण झोप त्यानेच उडवली. चिरेवर सुपर ग्लू घालू नका. हे अॅसिटल प्लास्टिक आहे, ग्लू नखाने निघतो. बाजारातल्या खेळण्यांच्या गिअरचं पाकीट ०.५ मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दातांच्या आकाराचं माप) असतं, ते इथल्या वर्मशी, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरशी, जुळत नाही. मॉड्यूल काढणं सोपं: दातांच्या संख्येत दोन मिळवा आणि त्याने बाहेरच्या व्यासाला भागा. माझा ६.४ मिमी, १४ दात, म्हणजे ०.४. त्या मापाचा पितळी गिअर मिळतो, पण सरळ बसवलात तर शॉर्ट. या बोगीत आस अखंड नाही. दोन अर्धे आस दोन बाजूंनी गिअरमध्ये घुसतात, आणि डावं-उजवं चाक एकमेकांपासून तोडून ठेवण्याचं काम ते प्लास्टिकच करतं.

उपाय रिफिलचा. पितळी गिअर ३ मिमी भोकाचा घ्या. बॉलपेनची रिकामी रिफिल कॅलिपरने मोजत जा. बाहेरून ३, आतून २ला किंचित कमी अशी एक सापडतेच. शाई स्पिरिटने धुवा, गिअर नळीच्या मधोमध दाबून बसवा, दोन्ही अर्धे आस घाला, मध्ये एक मिमी अंतर सोडा. नळी फुगू पाहते, पितळ तिला फुगू देत नाही, म्हणून चिरही पडत नाही. चाकांच्या पाठींमधलं अंतर १४.४ मिमी ठेवा आणि रुळावर ठेवण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही चाकांत वीज जात नाही ना ते बघा. मग काचेवर घरंगळवा. चाक लटपटलं तर आस तिरका गेलाय. माझी दुरुस्ती दीड महिना टिकली आहे, दोन डबे मागे लावून. बारा डब्यांची हमी देत नाही.

इतका खटाटोप करण्यापेक्षा एन-२० (गिअर बसवलेली छोटी मोटर) का नाही, असा प्रश्न येईल. साडेचार हजारांत त्यांचा ढीग येतो. मिनिटाला ५०० फेऱ्यांची मोटर १०.५ मिमी चाकावर लावली तर मापाप्रमाणे ताशी ८६ किलोमीटर वेग मिळतो, लोकलला पुरेसा. १२ मिमीची रुंदी चाकांमध्ये मावते. पण दांडा आसाला काटकोनात येतो, त्यासाठी बेव्हल गिअरची जोडी हवी, आणि आवाज चटणी वाटणाऱ्या मिक्सरचा. स्टेशनात शिरताना वेग कमी करत आणायचा असेल तर महागड्या बोगीलाच तोड नाही. चार-पाच सेकंदांत इंचभर सरकते, न थांबता. एवढं कबूल करावंच लागतं.

वजनाचं थोडक्यात. डबा २३८ मिमी लांब, लांबीवरून वजन ठरवायच्या नेहमीच्या हिशोबाने १६० ग्रॅम हवेत. मोटरच्या डब्याला त्याहून जास्त, नाहीतर चाकं जागीच फिरतात. शिसं बंदरावरच्या जाळी-गळाच्या दुकानात वजनावर मिळतं, हात धुवायला विसरू नका. त्याच दुकानात सुरमईच्या गळाला बांधायची स्टेनलेस तार असते. दाराजवळच्या दांड्यांना ती उत्तम, फक्त साध्या फ्लक्सने सोल्डरचा डाग धरत नाही, अॅराल्डाइट लावा.

घरात दुसरी अशीच बोगी पडून होती. तिचे दोन्ही गिअर चिरण्याआधीच काढले, १.९५चं ड्रिल पिन व्हाइसमध्ये धरून हाताने फिरवलं, आसाच्या टोकाची धार बारीक पॉलिश पेपरने मारली आणि परत दाबून बसवले. अर्ध्या तासाचं काम. तिच्यातून अजून टकटक नाही.