गंधक-राखेची लोळणपेटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बारा गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि त्यांना धुळीत लोळून अंगावरचे किडे घालवता यावेत म्हणून ठेवलेली 3 बाय 2 फुटांची लाकडी पेटी, एवढ्यावरचा हा अनुभव. आधीच सांगायचं तर उवांवर पेटी चांगली चालते. पायाच्या खवल्यांवर आणि खुराड्यातल्या लाल माइटवर (रक्त पिणारा बारीक किडा) मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. पिसं नेमकी कशानं गेली हे न बघता ठेवली, तर महिनाभर नुसती वाट बघत बसाल.

पेटी फूटभर उंच, आत सहा इंच भर. दोन घमेली कोरडी बारीक माती, एक घमेलं चाळलेली चुलीची राख आणि दर 10 किलो मिश्रणाला 500 ग्रॅम गंधकाची भुकटी. द्राक्षवाले भुरी रोगासाठी धुरळतात तीच. पाण्यात मिसळायचं दाणेदार गंधक आणू नका, ते पिसांच्या मुळाशी पोचत नाही. राख लाकडाची किंवा गोवरीची हवी. कचरा किंवा रंगवलेल्या फळ्या जाळलेली नको. कालवताना तोंडाला फडकं बांधा, गंधक डोळ्यांत गेलं की चांगलंच चुरचुरतं.

उवा बघायच्या शेपटीखाली. कोंबडी काखेत धरा, पिसं उलटी फिरवा आणि बॅटरी मारा. वाळल्या गवताच्या रंगाचे चपटे जीव उजेड पडताच सैरावैरा पळतात. पिसाच्या बुडाला पांढुरका, साबूदाणा चिकटल्यासारखा गठ्ठा दिसला की त्या लिखा. हा गठ्ठा कोणत्याही भुकटीनं मरत नाही. आठवड्याभरात त्यातून पिल्लं निघतात, म्हणून एकदाच धुरळून थांबणं फुकट. अंगावर लागण दिसत असेल तर तीच गंधक-राख पंखांखाली आणि शेपटीखाली हातानं चोळायची, दर सात दिवसांनी, तीन वेळा. मलूल कोंबडी स्वतःहून लोळत नाही आणि उवा सगळ्यात जास्त तिच्याच अंगावर असतात. पेटीची खरी मर्यादा हीच. पेटी लागण दाबून ठेवते, बळावलेली लागण काढत नाही.

पावसाळ्यात तर पेटी पार फसली. वाऱ्यानं आलेल्या शितोड्यांनी राखेचे गोळे झाले. ओली राख क्षारी असते, पोटाची कातडी लाल होते. वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी पोतं लावल्यावर निभावलं. भर दर महिन्याला बदलायची. विष्ठा दिसली तर त्याआधीच.

आता पेटीच्या आवाक्याबाहेरचं. तुरा फिका पडलाय, अंडी घटलीत, पण दिवसा अंगावर काहीच सापडत नाही? रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं फिरवा. लाल ठिपके उमटले तर तो लाल माइट. तो दिवसा फटीत राहतो आणि रात्री येऊन रक्त पितो, त्यामुळे कोंबडीला औषध लावून भागत नाही. खुराडं रिकामं करा, दांड्या काढून सांध्यांत उकळतं पाणी ओता, ब्रशनं घासा, वाळल्यावर फटी बुजवून चुना मारा. सात दिवसांनी पुन्हा सगळं तेच, कारण अंडी उरतात. शेतातलं कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर मारायचं नाही. फवाऱ्याचं औषध लागलंच तर पशुवैद्यकाकडून मात्रा घ्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा.

पायाचे खवले वर उचलले जाऊन खाली पांढरा भुगा साठला असेल, तर माइट खवल्यांखाली शिरलेला असतो. पाय कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशनं हलकेच घासा. खवले ओढून काढू नका, रक्त येतं. मग व्हॅसलीन किंवा करंज तेल पहिला आठवडा रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. जुने खवले गळायला दीड-दोन महिने जातात. रॉकेल, जळकं ऑइल हे गावठी उपाय कातडी भाजतात.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या म्हणजे कोंबड्यांचा देवी रोग. तिथे गंधक लावून काही होत नाही. डास तो पसरवतात, ते आवरा, खपल्या सोलू नका, पुढच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांची असताना लस द्या.

फक्त पाठ उघडी पडली असेल तर बहुधा कोंबडाच कारण. आठ-दहा माद्यांमागे एकच नर ठेवा, त्याची नखं घासा. डोकं, मान, मग छाती, शेवटी शेपटी अशा क्रमानं पिसं गळून बुडाशी नव्या पिसांचे कोंब फुटले असतील तर तो आजार नाही. दोन-तीन महिने अंडी कमी मिळतील. तेवढ्या काळात नुसत्या ज्वारी-तांदळावर ठेवू नका. शेंगदाणा पेंड, सुकट किंवा लेअरचं (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य द्या, कारण पीस बहुतांशी प्रथिनांचंच असतं. कोंब दिसत असताना कोंबडी शक्यतो हाताळू नका. कोंबात रक्त असतं, तुटला की भळभळतं आणि बाकीच्या तिथेच टोचायला धावतात. तसं झालंच तर हळद दाबून तिला दोन दिवस वेगळी ठेवा.